नर्सिंगचे प्रीरेक्विझिट: एका सेमिस्टरमध्ये १८ क्रेडिट झेपतील का?

रानजाई
नमस्कार मंडळी. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजच्या एडीएन (नर्सिंगची दोन वर्षांची पदवी) प्रोग्रामला पुढच्या फेब्रुवारीत अर्ज टाकायचा आहे. प्रवेशाआधी पूर्ण करायच्या विषयांच्या (प्रीरेक्विझिट) कॉलेजच्या यादीत केमिस्ट्री ४, ए अँड पी (अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी) १ आणि २ प्रत्येकी ४, मायक्रोबायॉलॉजी ४, स्टॅटिस्टिक्स ३, सायकॉलॉजी ३, लाइफस्पॅन डेव्हलपमेंट ३, इंग्लिश कॉम्पोझिशन ३ असे एकूण २८ क्रेडिट आहेत. फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबर) केमिस्ट्री, ए अँड पी-१, मायक्रो, स्टॅट्स, सायकॉलॉजी असे १८ घ्यायचे आणि उरलेले १० स्प्रिंगमध्ये (जानेवारी ते मे), असा बेत आहे. अर्जाच्या वेळी चालू असलेले विषय धरतात. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडी (कामाचा परवाना) आहे, आठवड्याला २० तासांचं काम आहे. भारतातली बीएस्सी (मायक्रो) २०१२ ची. हे जमण्यासारखं आहे का, आणि नसेल तर कुठे कात्री लावू?

गोदाकाठ
क्रेडिट मोजू नका, तास मोजा. अमेरिकेत एका क्रेडिटची व्याख्याच अशी आहे की आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास अभ्यास, साधारण १५ आठवडे. पण लॅबचा हिशोब वेगळा. लॅबच्या एका क्रेडिटला तीन तास उभं राहावं लागतं. म्हणजे ४ क्रेडिटचा विषय प्रत्यक्षात ३ तास लेक्चर आणि ३ तास लॅब, त्यावर घरचा अभ्यास.

तुमचे पाच विषय मांडू. ए अँड पी-१ ला घरी ८ तास धरले तर १४. मायक्रो तेवढंच, १४. केमिस्ट्रीला घरी ६ धरले तर १२. स्टॅट्स ८, सायकॉलॉजी ७. बेरीज ५५. कामाचे २० आणि जाण्यायेण्याचे ६ धरा, ८१. आठवड्याचे १६८ तास, त्यातून सात तासांप्रमाणे झोपेचे ४९ वजा केले की ११९ उरतात. म्हणजे स्वयंपाक, घर, मुलं, आजारपण, सगळ्याला मिळून ३८.

आता गंमत बघा, कागदावर हे बसतं. रोजचे साडेपाच तास मोकळे दिसतात. फसतं ते यामुळे की ५५ हा सरासरीचा आकडा आहे आणि परीक्षा सरासरीने येत नाहीत. बहुतेक कोर्समध्ये चार युनिट टेस्ट असतात आणि त्या चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याच्या आसपास आणि शेवटी पडतात. तीन लॅब असतील तर त्याच दहा दिवसांत लॅब प्रॅक्टिकलही येतं. त्या आठवड्यांना ५५ चे ७५ होतात आणि झोप कापली जाते. मग आधी बळी जातो तो सर्वात जास्त पाठांतराचा विषय, म्हणजे ए अँड पी. आणि प्रवेशात सर्वात जास्त वजन त्याचंच.

तिरफळ
मुळात या बेताची नोंदणीच होईल का ते बघा. बऱ्याच कॉलेजांत मायक्रोला आधी केमिस्ट्री, बायॉलॉजी किंवा ए अँड पी-१ पूर्ण लागतं. त्याच सेमिस्टरला सोबत घेऊन चालत नाही, आणि सिस्टिम लाल रेघ दाखवून परत पाठवते. कॅटलॉगमध्ये प्रत्येक विषयाच्या वर्णनाखाली शेवटची ओळ असते तिथे हे लिहिलेलं असतं. यादी वाचली म्हणजे क्रम कळला असं नाही. आधी ती साखळी कागदावर काढा.

कॅलिफोर्नियात असाल तर आणखी एक. तिथे अनेक कॉलेजांत ए अँड पी असा जोडविषय नसून अ‍ॅनाटॉमी वेगळी आणि फिजिऑलॉजी वेगळी असते. दुसऱ्या राज्यातून ए अँड पी-१ एकटीच करून गेलात तर ती कशाचीच बरोबरी करत नाही. दोन्ही भाग एकाच कॉलेजातून संपवणं बरं.

आकडेमोड
गोदाकाठ यांना अनुमोदन. मी फक्त जीपीएचं (ग्रेडच्या सरासरीचं) गणित टाकतो, कारण इथे लोक गंडतात.

ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. प्रत्येक ग्रेडला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा ए अँड पी-१ मध्ये ए, ए अँड पी-२ आणि मायक्रोमध्ये बी, आणि स्टॅट्स, सायकॉलॉजी, इंग्लिशमध्ये ए. गुण १६ + १२ + १२ + १२ + १२ + १२ = ७६, क्रेडिट २१. जीपीए ३.६२. छान दिसतो. पण अनेक प्रोग्राम सायन्सचा जीपीए वेगळा काढतात. तो इथे ४० भागिले १२, म्हणजे ३.३३. एवढ्याने माणूस रांगेत बराच मागे जातो, कारण बहुतेक ठिकाणी जागांपेक्षा अर्ज जास्त असतात.

आता अठरा क्रेडिटच्या भरात तिन्ही सायन्सला बी आले तर सायन्स जीपीए थेट ३.० वर. आणि नंतर सुधारता येईल असं समजू नका. काही कॉलेजं विषय पुन्हा केला तर नवी ग्रेड धरतात, काही दोन्हींची सरासरी काढतात, काही एकदाच पुन्हा करू देतात, तर काही पुन्हा केल्याबद्दल पॉइंट कापतात. किमान सी बहुतेक सगळीकडे लागतो. सी-उणे चालत नाही. पण किमान सी ही अर्ज स्वीकारण्याची अट आहे, निवडीची नव्हे.

सहा महिने वाचवायला जाऊन एक बी पदरात पडला, तर तो कायमचा.

भवानीपेठ
सगळेच घाबरवतायत. पूर्णवेळ विद्यार्थी १८ क्रेडिट घेतात की. नोकरी नसेल आणि लॅबचा एकच विषय असेल तर १५-१६ आरामात होतात. सायकॉलॉजी, लाइफस्पॅन, इंग्लिश यांना लॅब नाही, ऑनलाइन मिळतात.

गोदाकाठ
@भवानीपेठ, "नोकरी नसेल" आणि "लॅबचा एकच विषय" या दोन्ही अटी इथे लागू नाहीत ना. आणि ऑनलाइन इंग्लिश कॉम्पोझिशनला हलकं समजू नका. चार ते पाच निबंध, प्रत्येकाचा कच्चा खर्डा, सहाध्यायांच्या लिखाणावर शेरे, मग पक्का मजकूर. चर्चेच्या पानावर दर बुधवारी स्वतःची पोस्ट आणि रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, अशा छोट्या मुदती असतात. त्या चुकल्या की गुण गळत राहतात. विषय अवघड नाही, पण त्यात सतत पाय अडकलेला असतो.

निदान हे तरी करा: पहिल्या आठवड्यात सगळे सिलॅबस हातात आले की प्रत्येक परीक्षा, प्रॅक्टिकल, निबंध, क्विझ एकाच मोठ्या कागदावर आठवड्यानुसार लिहा. ज्या आठवड्यात तीन मोठ्या गोष्टी येतात त्याच्या आधीचे दोन आठवडे लाल करा. त्यांत कामाचे तास आधीच कमी करून घ्या. ऐनवेळी सुट्टी मागून मिळत नाही. आणि हा कागद भरून झाल्यावर पाच-सहा आठवडे लाल दिसले, तर एक विषय काढण्याची वेळ तीच. तेव्हा अजून पूर्ण पैसे परत मिळतात.

सांडगे_मिरची
उन्हाळ्यात ए अँड पी उरकून टाकू, हाही मोह होतो. करू नये. १५ आठवड्यांना १४ तास म्हणजे २१० तासांचा विषय. तोच ८ आठवड्यांत कोंबला की आठवड्याला २६ तास होतात. सोमवारी हाडं, बुधवारी स्नायू, पुढच्या सोमवारी परीक्षा. अभ्यास करता येतो, पण मुरायला वेळ मिळत नाही. समरला लाइफस्पॅन किंवा सायकॉलॉजी टाकावी.

प्रयोगवही
लॅब प्रॅक्टिकलबद्दल सविस्तर लिहिते, कारण भारतातून शिकून आलेल्यांना हा प्रकार नवा असतो आणि पहिल्या प्रॅक्टिकलला पुष्कळ गुण जातात.

टेबलांवर ३० ते ५० स्टेशन मांडलेली असतात. प्रत्येकावर हाड, मॉडेल किंवा स्लाइड, त्यात टाचणी किंवा चिकटवलेला बाण, आणि एक-दोन प्रश्न. एका स्टेशनला साधारण एक मिनिट. घंटा वाजली की पुढे. मागे जाता येत नाही, किंवा शेवटी थोडाच वेळ मिळतो. पर्याय दिलेले नसतात. नाव स्वतः लिहायचं, स्पेलिंगसकट. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं इलियम ई ने लिहितात, कंबरेच्या हाडाचं आय ने. एका अक्षराने अवयव बदलला की गुण गेला.

हाडांत नुसतं नाव विचारत नाहीत. डावं की उजवं, आणि टाचणी टोचलेला उंचवटा कोणता, हेही विचारतात. फीमर (मांडीचं हाड) हातात घेतलं की गोल डोकं शरीराच्या मधल्या बाजूला आणि मागच्या अंगाची उभी खरखरीत कड मागे, असं धरायचं. मग बाजू आपोआप कळते. रेडियस आणि अल्ना (कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं) हमखास उलटी होतात, कारण दोघांनाही डोकं आहे. रेडियसचं डोकं कोपराशी, अल्नाचं मनगटाशी. अल्नाच्या कोपराकडच्या टोकाला पान्यासारखी खोबण असते, ती आधी बोटाने चाचपा. डोळ्याने बघून पाठ केलेलं हाड उलटं ठेवलं की ओळखू येत नाही. हातात फिरवून पाठ केलेलं येतं. म्हणून ओपन लॅबच्या (सरावासाठी खुल्या) वेळा विचारून घ्या आणि आठवड्यात दोनदा तासभर तरी जा. पुस्तकातल्या चित्रांवर विसंबून प्रॅक्टिकल निघत नाही.

ए अँड पी-२ मध्ये मेंढीचं हृदय कापायला देतात. डावं-उजवं ठरवताना गोंधळ झाला तर व्हेंट्रिकलची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत चिमटीत धरा. जाड आणि टणक लागते ती डावी.

स्लाइडसाठी एक सवय लावा. आधी कमी पॉवरवर पूर्ण नमुना बघायचा, मोकळी कड शोधायची, मग थर मोजायचे, मग वरच्या थरातल्या पेशींचा आकार बघायचा. ट्रान्झिशनल आणि स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस (आवरण-ऊतींचे दोन प्रकार) इथेच चुकतात. वरच्या पेशी चपट्या असतील तर स्क्वेमस, घुमटासारख्या फुगीर असतील तर ट्रान्झिशनल.

आकडेमोड
वाचनखूण साठवली.

उंबरठा
मायक्रोची लॅब वेगळ्याच कारणाने वेळ खाते. जिवाणू तुमच्या वेळापत्रकाने वाढत नाहीत. मंगळवारी प्लेट लावली की २४ ते ४८ तासांनी बघायची, आणि त्या दिवशी लॅब नसली तरी यावं लागतं. शेवटच्या चार-पाच आठवड्यांत 'अननोन' हा प्रकल्प असतो. एक नळी हातात देतात, त्यातला जिवाणू चाचण्या करून ओळखायचा आणि अहवाल लिहायचा. त्यावर गुणांचा मोठा वाटा असतो. त्याची सगळी इमारत ग्रॅम स्टेनवर (जिवाणू रंगवून दोन गटांत पाडण्याची पद्धत). तिथे चुकलं की पुढची प्रत्येक चाचणी चुकीच्या फांदीवर.

पातळ स्मिअर (काचेवर जिवाणूंचा थर) करा, हवेवर पूर्ण वाळू द्या, ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. आयोडीन १ मिनिट, पाणी. मग अल्कोहोल १० ते १५ सेकंद, थेंब थेंब, खाली ओघळणारं पाणी रंगहीन झालं की लगेच थांबून धुवायचं. शेवटी सॅफ्रनिन साधारण १ मिनिट, पाणी, टिपकागदाने टिपायचं, पुसायचं नाही. ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे, निगेटिव्ह गुलाबी.

चुका बहुतेक अल्कोहोलच्या पायरीवर होतात. जास्त वेळ ठेवलं तर पॉझिटिव्हही रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात. स्मिअर जाड असेल तर निगेटिव्हचा रंग निघतच नाही आणि ते जांभळे राहतात. कल्चर (वाढवलेले जिवाणू) शिळं असेल तरी पॉझिटिव्हच्या भिंती कमजोर होऊन रंग निसटतो, म्हणून १८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घ्या. उपाय सोपा आहे. त्याच स्लाइडवर एका बाजूला माहितीतला स्टॅफिलोकॉकस, दुसऱ्या बाजूला ई. कोलाय, मध्ये तुमचा अननोन. कडेचे दोघे बरोबर रंगले असतील तरच मधल्यावर विश्वास ठेवायचा.

आणि ऑइल इमर्शनचं तेल मायक्रोस्कोपच्या ४० च्या लेन्सला लावू नका. पुढचा विद्यार्थी शिव्या देतो ते वेगळंच, पण तुम्हालाही मग सगळं धूसर दिसतं आणि स्टेन बिघडला असं वाटतं.

@रानजाई, तुमची बीएस्सी मायक्रोची आहे म्हणजे हे हातात असणार. तरीही ए अँड पी-१ सोबत घेऊ नका. ए अँड पी-२ सोबत मात्र चालेल, कारण त्यातली लिंफॅटिक आणि इम्यून सिस्टिम मायक्रोतही येते. तीन-चार आठवड्यांचा अभ्यास दोन्हीकडे कामी येतो.

तिरफळ
ए अँड पी-२ सोबत मायक्रो? दोन लॅब, दोन प्रॅक्टिकल. सरसकट सुचवू नये.

उंबरठा
सरसकट नाहीच. तिसरा विषय नसेल आणि नोकरी १५ तासांच्या आत असेल तरच. ८ क्रेडिट, साधारण २८ तास. ए अँड पी-१ सोबत नको म्हणते कारण तिथे पेशी, ऊती, हाडं, स्नायू, चेतासंस्था अशी नावांची नुसती रास असते. ए अँड पी-२ मध्ये नावं कमी आणि यंत्रणा जास्त. मूत्रपिंड, हृदयाचं चक्र, हार्मोन. ते समजून घ्यायचं असतं, आणि समजलं की टिकतं.

मध्यरात्र
पाठांतरासाठी अँकी (फ्लॅशकार्डचं अ‍ॅप) वापरणार असाल तर नव्या कार्डांना आवर घाला. रोज १५ नवीन घातली की काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभर-दीडशे कार्डांवर जाते, म्हणजे अर्धा-पाऊण तास. रोज ४० घालणारे तिसऱ्या आठवड्यात साचलेली चारशे कार्डं बघून अ‍ॅपच उडवतात. दुसऱ्याची तयार पाच हजार कार्डं उतरवून घेण्यापेक्षा स्वतःच्या लॅबच्या मॉडेलचे फोटो काढून (परवानगी असेल तर) नावं झाकणारी कार्डं करा. परीक्षेला तीच मॉडेलं येतात. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत.

यंत्रणांसाठी मात्र कार्ड निरुपयोगी. तिथे कोरा कागद. उदाहरणार्थ चेतापेशीतला विद्युत-संदेश, म्हणजे अ‍ॅक्शन पोटेन्शियल. पुस्तक मिटून आलेख काढायचा: विश्रांतीत उणे ७० मिलिव्होल्ट, उणे ५५ ला उंबरठा, सोडियमची दारं उघडली, सोडियम आत, अधिक ३० पर्यंत चढ. मग सोडियमची दारं बंद, पोटॅशियम बाहेर, उतार, थोडा वेळ उणे ७० च्याही खाली. प्रत्येक रेषेवर कोण आत, कोण बाहेर आणि का, ते लिहायचं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्ती. उताराचं काम सोडियम-पोटॅशियम पंपाने केलं असं निम्मे लोक लिहितात. पंप ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत असं सतत चालू असतो, पण हा उतार पोटॅशियमच्या वाहिन्यांमुळे. नोट्स दहा वेळा वाचून ही चूक सापडत नाही, कारण वाचताना सगळं ओळखीचं वाटतं.

पाठ्यपुस्तक महाग वाटलं तर ओपनस्टॅक्सची ए अँड पी आणि मायक्रोची पुस्तकं फुकट आहेत, राइस युनिव्हर्सिटीची. पण कोर्सला ऑनलाइन गृहपाठाचा अ‍ॅक्सेस कोड लागतो का ते आधी विचारा. जुनं पुस्तक स्वस्तात घेतलं आणि कोड वेगळा विकत घ्यावा लागला, तर बचत शून्य.

मध्यरात्र
प्रतिसाद काढून टाकला आहे. दोनदा पडला.

कोकम_सार
विषय सोडायची वेळ आली तर तारखा नीट समजून घ्या. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत 'ड्रॉप' केलं तर पैसे परत, ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) काही नाही. त्यानंतर ठरलेल्या तारखेपर्यंत 'विथड्रॉ' केलं तर पैसे गेले, ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, जीपीएला धक्का नाही. ती तारीखही उलटली की जी मिळेल ती ग्रेड. वर्गात जायचं बंद केलं म्हणजे नाव निघालं असं होत नाही, सरळ एफ बसतो.

डब्ल्यू निरुपद्रवी वाटतो पण नसतो. फेडरल आर्थिक मदत घेणाऱ्यांना घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण करावे लागतात. १८ घेऊन ७ सोडले तर ११ उरले, ते ६१ टक्के. लगेच इशारा येतो. तुम्ही एच-४ वर असल्याने फेडरल मदत मिळत नाही, पण काही नर्सिंग प्रोग्राम डब्ल्यू हाही एक प्रयत्न म्हणून मोजतात. प्रोग्रामच्या माहितीपत्रात ही ओळ शोधाच.

पैलतीर
बीएस्सीबद्दल कोणीच बोललं नाही. हाच सर्वात मोठा मुद्दा आहे.

भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं. डब्ल्यूईएस त्यातलीच. 'कोर्स-बाय-कोर्स' घ्या. नुसतं 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' स्वस्त असतं, पण त्यात विषयवार क्रेडिट येत नाहीत आणि मग पुन्हा पैसे. ट्रान्सक्रिप्ट थेट युनिव्हर्सिटीकडून जावं लागतं. तिथल्या खिडकीचा अनुभव सगळ्यांना आहे, तेव्हा आजच अर्ज करा, घरचं कोणी पाठपुरावा करणारं असेल तर उत्तम.

काय हाती लागेल? २०१२ चं मायक्रो बहुधा चालणार नाही, कारण अनेक प्रोग्राम सायन्सला पाच किंवा सात वर्षांची मुदत ठेवतात. स्टॅट्स किंवा सायकॉलॉजी झालेली असेल तर सुटण्याची शक्यता आहे, तिथे मुदत सहसा सैल असते. इंग्लिश कॉम्पोझिशन भारतातलं क्वचितच धरतात.

पण पदवी आहे म्हटल्यावर अ‍ॅक्सेलरेटेड बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी, कमी वेळात) हा रस्ता उघडतो. आधीची पदवी असणाऱ्यांसाठी १२ ते १८ महिन्यांचा. प्रीरेक्विझिट जवळजवळ हेच, फी कितीतरी जास्त, आणि तो चालू असताना नोकरी अशक्यच. भारतातली पदवी अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची ठरते का हे त्या मूल्यांकनातच कळतं. तीन वर्षांच्या बीएस्सीला काही ठिकाणी पूर्ण बरोबरी देतात, काही ठिकाणी तीनच वर्षं मोजतात. कॉलेज कोणाचं मूल्यांकन मानतं ते विचारून मगच संस्था निवडा.

व्हिसाचं थोडक्यात: एच-४ वर अर्धवेळ, पूर्णवेळ कसंही शिकता येतं. एफ-१ ला (विद्यार्थी व्हिसा) सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात आणि त्यात ऑनलाइनचा एकच विषय धरतात, म्हणून तिथे ७-८ क्रेडिटचा शहाणपणा चालत नाही. मग एक लॅब आणि तीन बिनलॅबचे विषय अशी मोट बांधावी लागते. एफ-२ ला (एफ-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) उलट, पूर्णवेळ शिकता येत नाही. इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी एच-४ ला मिळते का हे राज्यावर अवलंबून, रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा.

अवांतर: भारतात बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम झालेल्यांनी हा धागा वाचून ए अँड पी पुन्हा करू नये. त्यांचा मार्ग पदवीची तपासणी आणि एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा).

रानजाई
सगळ्यांचे आभार. मूल्यांकनाचा अर्ज करते. स्टॅट्स सुटेल असं धरत नाही, सुटलं तर बोनस. नवा बेत: फॉलमध्ये केमिस्ट्री, सायकॉलॉजी, इंग्लिश (१०). स्प्रिंगला ए अँड पी-१ आणि स्टॅट्स (७). समरला लाइफस्पॅन (३). पुढच्या फॉलला ए अँड पी-२ आणि मायक्रो (८), त्या सेमिस्टरला काम १२ तासांवर. अर्ज एक वर्ष पुढे. टीस परीक्षा (नर्सिंग प्रवेशाची) मग कधी द्यावी? केमिस्ट्री ताजी असताना लगेच, की शेवटी?

आकडेमोड
शेवटी. टीसमध्ये १७० प्रश्न, २०९ मिनिटं. वाचन ४५ प्रश्न ५५ मिनिटं, गणित ३८ ला ५७, सायन्स ५० ला ६०, इंग्रजी ३७ ला ३७. यातले २० प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते कळत नाही. सायन्सचे ४४ धरतात, त्यातले १८ मानवी शरीराचे आणि ८ केमिस्ट्रीचे. म्हणजे ए अँड पी-२ च्या आधी दिली तर निम्मं शरीर अंदाजाने.

गणितात पूर्णांक-अपूर्णांक, गुणोत्तर, टक्के, एकक बदल. कठीण नाही, पण स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा साधा चार क्रियांचा मिळतो. इंचातून सेंटिमीटर आणि पौंडातून किलो पाठ हवं: १ इंच २.५४ सेंमी, १ किलो २.२ पौंड. आपल्याकडच्या लोकांचं गणित पक्कं असतं आणि गुण जातात ते वाचनात. उताऱ्यात जे लिहिलंय तेवढ्यावरच उत्तर द्यायचं, स्वतःचं ज्ञान घालायचं नाही.

ए अँड पी-२ च्या सेमिस्टरमध्ये ऑक्टोबरपासून आठवड्याला दोन तास सराव आणि परीक्षा डिसेंबरच्या शेवटी. पुन्हा द्यायची मुभा किती आणि किती दिवसांच्या अंतराने, ते प्रोग्रामनुसार बदलतं. जानेवारीत एक जागा राखून ठेवा. आणि तुमचं कॉलेज टीस मागतं की हेसी (तशीच दुसरी प्रवेश परीक्षा), ते आधी बघा. दोन्हींच्या तयारीत फरक आहे.

गोदाकाठ
बेत चांगला आहे. फक्त स्प्रिंगच्या ए अँड पी-१ ची नोंदणी उघडते त्या दिवशी सकाळीच बसा. संध्याकाळचे आणि शनिवारचे लॅब सेक्शन आधी भरतात. वेटलिस्टवर असाल तर पहिल्या लॅबला हजर राहा. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं अनेक शिक्षक काढतात आणि तिथेच जागा निघते.

कोकम_सार
एक वर्ष मिळालंय तर लसींचं काम आत्ताच काढा. प्रवेश मिळाल्यावर क्लिनिकलसाठी (रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी) सगळं चार-सहा आठवड्यांत मागतात. हिपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली टायटर (प्रतिकारशक्तीची तपासणी). म्हणजे हेच आठ महिने. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची भारतातली नोंद नसेल तर टायटर करून घ्या, पॉझिटिव्ह आली तर लस लागत नाही. सीपीआरचा 'बीएलएस प्रोव्हायडर' कोर्स मात्र आत्ता करू नका, तो दोन वर्षंच चालतो.

रानजाई
टीबीचं काय? लहानपणी बीसीजी घेतलेली आहे, त्वचेची चाचणी फुगते असं ऐकलंय.

कोकम_सार
फुगू शकते, बीसीजीमुळे. म्हणून त्वचेच्या चाचणीऐवजी रक्ताची मागा: आयजीआरए, क्वांटिफेरॉन नावाने मिळते. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही आणि दोन दिवसांनी हात दाखवायला परत जावं लागत नाही. कॉलेजच्या फॉर्मवर दोन्हीपैकी काय चालतं ते बघून घ्या. बहुतेक ठिकाणी रक्ताची चालते. तारीख मात्र क्लिनिकलच्या जवळची लागते, तेव्हा ही शेवटी.